सणाचा स्वयंपाक शेतकरी बाजारातून: आधी बाजार, मग बेत

प्रश्न असा आहे: सणाच्या दिवशी वीसेक माणसं जेवायला येणार आहेत आणि सगळा स्वयंपाक जवळच्या शेतकरी बाजारातल्या मालावर करायचा आहे. बाजार आठवड्यातून एकदाच भरतो, तोही सणाच्या चार दिवस आधी. यादी घेऊन गेलो आणि निम्मा माल मिळालाच नाही तर काय करायचं? आणि जे मिळेल ते चार दिवस टिकेल का?

जमतं. मोठ्या जेवणावळींचा स्वयंपाक मी बरीच वर्षं याच पद्धतीने करते आहे. फक्त पदार्थांची यादी घेऊन बाजारात जाणं सोडावं लागतं.

दुकानात वर्षभर तोच माल असतो, त्यामुळे तिथे आधी बेत आणि मग खरेदी हा क्रम चालतो. शेतकऱ्याकडे त्या आठवड्यात शेतात जे तयार झालं तेच येतं. पाऊस लांबला, थंडी लवकर पडली, कीड आली की हमखास मिळणारी भाजीही गायब होते. म्हणून मी पदार्थ ठरवत नाही, ताटातल्या जागा ठरवते. एक ओव्हनमध्ये भाजून केलेला गोडसर पदार्थ, एक हिरवा, एक रस्सेदार आणि भरीव (कडधान्याचा किंवा मांसाचा), एक कच्चा, करकरीत आणि आंबट, एक धान्याचा आणि शेवटी एक फळांचा. सहा जागा झाल्या. वीस माणसांना त्या पुरतात. त्याहून जास्त पदार्थ करायचा मोह होतो, पण ताज्या मालाची चव दहा पदार्थांच्या गर्दीत हरवते आणि स्वयंपाक करणाऱ्याचं कंबरडं मोडतं ते वेगळंच.

जागा ठरल्या की बाजारात त्या भरायच्या. हिरव्या जागेवर फरसबी योजली होती आणि ती आलीच नाही, तर तिच्या जागी ब्रोकोली चालते, पालक चालत नाही. बदली शोधताना भाजीची वागणूक बघायची. तिच्यात पाणी किती, शिजायला वेळ किती, पिष्ट (स्टार्च) किती, शिजल्यावर आकार धरते की विरघळते? गाजर, बीट, सलगम, रताळं आणि लाल भोपळा भाजताना बऱ्यापैकी एकमेकांची जागा घेतात, फक्त वेळ थोडा मागेपुढे होतो. पालक, चाकवत, माठ ही एक जात झाली, कोबी आणि केल (कोबीच्या कुळातली जाड पानांची भाजी) ही दुसरी. पहिली दोन मिनिटांत बसते आणि पाणी सोडते, दुसरीला चावून खाण्याइतका जोर असतो. हे एकदा डोक्यात बसलं की अमुक भाजी मिळाली नाही म्हणून बेत कोसळत नाही.

आणि हो, मीठ, तेल, साखर, मसाले दुकानातूनच आणा. सगळं म्हणजे अगदी सगळं बाजारातून असा हट्ट धरणाऱ्यांचा सणाचा दिवस चिडचिडीत जातो.

आता वेळेचं. बाजार चार दिवस आधी असेल तर त्याच्या आधीच्या बाजारालाही जाऊन या. त्या फेरीचं पहिलं काम चौकशी. पुढच्या आठवड्यात काय संपत आलंय, काय नव्याने सुरू होतंय, हे शेतकऱ्याइतकं कोणालाच ठाऊक नसतं. चार किलो गाजरं हवी असतील तर तेव्हाच सांगून ठेवा. लहान शेतकरी बाजारात सगळा माल आणत नाही, विकला जाईल तेवढाच काढतो. आगाऊ मागणी मिळाली तर तो त्या हिशेबाने काढणी करतो, शिवाय तुमच्यासाठी बाजूला ठेवतो. काढणी कधी केली हे विचारायला लाजू नका. ‘ताजं आहे’ हे उत्तर नाही, ‘काल संध्याकाळी काढलं’ हे उत्तर आहे. बाजारात बसलेला प्रत्येक जण पिकवणारा असतोच असंही नाही. हंगामात नसलेला माल एखाद्याच्या टोपलीत दिसला की तो कुठून आला ते सरळ विचारावं.

डागाळलेले टोमॅटो, वाकडी गाजरं, गारांचा मार लागलेली सफरचंदं वेगळी ठेवलेली असतात किंवा मागितली तर मिळतात. सूप, रस्सा, फळं शिजवून करायचे पदार्थ यांना हाच माल घ्या. चव तीच, दाम कमी. मात्र तो टिकाऊ नसतो, आणल्या दिवशीच किंवा दुसऱ्या दिवशी शिजवून टाकायचा. मऊ फळाला बुरशी धरली असेल तर तेवढाच भाग कापून वापरू नका, अख्खं फेका.

पहिल्या फेरीत काय घ्यावं? कांदे, लसूण, बटाटे, लाल भोपळा, सुकी कडधान्यं, धान्य, मध आणि, थोडं विचित्र वाटेल, पण उकडायची अंडी. अगदी ताज्या अंड्याचं उकडल्यावर कवच नीट सुटत नाही, पांढरा भाग सोलपटून निघतो. अंडं जसं जुनं होतं तसा त्यातला कार्बन डायऑक्साइड कवचाच्या छिद्रांतून निघून जातो, पांढऱ्याचा अल्कधर्मीपणा वाढतो आणि आतला पापुद्रा सहज सुटतो. आठवडाभर फ्रिजमध्ये राहिलेली अंडी उकडायला उत्तम, ताजी अंडी फोडून करायच्या पदार्थांना.

भोपळा घेताना साल नखाने दाबून बघा. नख रुतलं तर तो कोवळा आहे, टिकणार नाही. देठ सुकून बुचासारखा कडक झालेला असावा, असा भोपळा थंड कोरड्या जागी महिना-दोन महिने सहज राहतो. रताळ्यांबद्दल मात्र विक्रेत्याला एक प्रश्न विचाराच: काढून किती दिवस झाले? जमिनीतून नुकतं काढलेलं रताळं पिठूळ आणि फिकं लागतं. काढणीनंतर त्याला काही दिवस उबदार, दमट हवेत, साधारण ३० अंश सेल्सिअसला ठेवतात. त्याने सालीवरच्या जखमा भरतात. पुढे साठवणीत पिष्टाची साखर होत जाते. या बाबतीत ताजं म्हणजे चांगलं हा नियम उलटा आहे.

बटाटे फ्रिजमध्ये ठेवू नका. साधारण ७ अंशांखाली बटाट्यातल्या पिष्टाची साखर होते आणि भाजताना-तळताना तो आतून शिजण्याआधीच काळपट होतो. अंधारी, हवेशीर जागा हवी. उजेडात हिरवे झालेले आणि कडवट लागणारे बटाटे टाकून द्या. कांद्यांपासून ते लांब ठेवा, एकत्र ठेवले की दोन्ही लवकर खराब होतात.

सणाच्या चार दिवस आधीच्या बाजारातला माल घरी आणल्यावर पहिला तास महत्त्वाचा. गाजर, बीट, मुळा पाल्यासकट आणले असतील तर पाला लगेच कापा, दोन बोटं देठ ठेवून. पाला जिवंत असतो, तो कंदातलं पाणी ओढत राहतो आणि चार दिवसांत गाजर रबरासारखं लवचीक होतं. पाला फेकू नका. बीट आणि मुळ्याचा पाला हिरव्या जागेवर खपतो, पण तो दोन दिवसांत वापरावा लागतो. पालेभाज्या न धुता कोरड्या फडक्यात गुंडाळून, पिशवीत घालून फ्रिजमध्ये. धुऊन ठेवायच्याच असतील तर पूर्ण कोरड्या करून, कारण ओलसर पान सडतं. मशरूम कागदी पिशवीत. कोथिंबीर, पार्सली यांची जुडी ग्लासभर पाण्यात उभी करून फ्रिजमध्ये, बेझिल मात्र फ्रिजबाहेर, थंडीने ती काळी पडते. टोमॅटोही बाहेरच. १२ अंशांखाली त्यांचा सुगंध मरतो, पण हे पिकत असलेल्या टोमॅटोंबद्दल. पूर्ण पिकून मऊ पडायला आलेले असतील तर सडण्यापेक्षा फ्रिज बरा.

सफरचंद, नासपती, केळी आणि पिकलेले टोमॅटो इथिलीन हा फळं पिकवणारा वायू सोडतात. त्यांच्याशेजारी ठेवलेल्या पालेभाज्या पिवळ्या पडतात, काकडी पिवळी आणि मऊ होते, ब्रोकोलीचे तुरे पिवळे पडतात. गाजराचं तर फारच वाईट: त्यात कडू द्रव्य तयार होतं आणि शिजवताना कितीही साखर घातली तरी ते जात नाही. फळं एका खणात, भाज्या दुसऱ्या खणात एवढं केलं तरी पुरे.

मका आणि मटार हे दोन हट्टी पाहुणे. तोडल्या क्षणापासून त्यांच्यातल्या साखरेचं पिष्ट व्हायला लागतं आणि उन्हात हे फार वेगाने होतं. नवीन अतिगोड जातींचा मका जास्त दिवस गोड राहतो, जुन्या जातींचा नाही. चार दिवस ठेवायची वेळ आली तर मटार त्याच दिवशी सोलून, दीड-दोन मिनिटं उकळत्या पाण्यात घालून, बर्फाच्या पाण्यात गार करून फ्रीझरमध्ये टाका. त्या उकळीने गोडी घालवणारी द्रव्यं निकामी होतात. सणाच्या दिवशी ते फ्रिजमध्ये चार दिवस पडलेल्या ‘ताज्या’ मटारपेक्षा चांगले लागतात. मी यात कमीपणा मानत नाही.

किती घ्यायचं याचा हिशेब सोलून, निवडून आणि शिजवून उरणाऱ्या वजनावर करावा. मोठ्या माणसामागे सगळं मिळून शिजलेलं ५०० ते ६०० ग्रॅम जेवण पुष्कळ होतं. सहा पदार्थ असतील तर प्रत्येकाचे सरासरी ८० ते १०० ग्रॅम. शेंगांसकट एक किलो मटारातून ३५० ते ४०० ग्रॅम दाणे निघतात. पातेलं ओसंडून भरलेला पालक शिजून तळाशी बसतो, वीस माणसांसाठी साडेतीन-चार किलो लागेल. भाजायच्या कंदमुळांचं पाव ते एक तृतीयांश वजन पाण्याच्या रूपाने उडून जातं, म्हणून तिथेही चार किलो धरा.

पण चार किलो कंदमुळं भाजायला तीन-चार मोठे ट्रे लागतात आणि घरच्या ओव्हनमध्ये एका वेळी दोन बसतात. सणाच्या स्वयंपाकात खरी टंचाई हातांची नसते, आचेची असते. बेत पक्का करण्याआधी एका कागदावर ओव्हनचे तास आणि शेगडीचे बर्नर मांडा, जेवणाच्या वेळेपासून उलटे मोजत या. एकाच तासात तीन पदार्थांना ओव्हन लागत असेल तर एक पदार्थ शेगडीवर न्या किंवा आदल्या दिवशी करा. ट्रेमध्ये भाज्या दाटीवाटीने कोंबून वेळ वाचवायला गेलात तर त्या भाजत नाहीत, स्वतःच्याच वाफेत उकडतात. २०० ते २२० अंश, एकच थर, फोडींमध्ये मोकळी जागा. रताळी तेवढी सावकाश, १६०-१७० अंशांवर अख्खी भाजा. साधारण ६० ते ७५ अंशांच्या पट्ट्यात त्यातली एन्झाइम्स पिष्टाची साखर करतात, आणि मंद आचेवर रताळं त्या पट्ट्यात जास्त वेळ राहतं.

आदल्या दिवशी बीट भाजून सोलून ठेवता येतं, सूप होतं, कडधान्य शिजतं. फरसबी किंवा ब्रोकोली मिठाच्या उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटं घालून थेट बर्फाच्या पाण्यात टाका आणि निथळून ठेवा. वाढण्याआधी गरम तेलात किंवा लोण्यात पाच मिनिटं परतली की झालं. लिंबू किंवा व्हिनेगर अगदी ताटात जाताना घाला, आधी घातलं तर हिरवा रंग शेवाळी होतो. आंबटाचा दुसरा गुण असा की तो भाजी आणि कडधान्य मऊ होऊ देत नाही. रश्श्यात टोमॅटो घालायचे ते कडधान्य पूर्ण शिजल्यावर. नाहीतर दोन तास उकळूनही दाणा टणक.

बाजारातलं यंदाचं सुकं कडधान्य लवकर शिजतं, दुकानात दोन वर्षं पडलेलं शिजता शिजत नाही. नेहमीच्या अंदाजाने वेळ लावलात तर ताज्याचा लगदा होईल, म्हणून लवकर तपासायला लागा. राजमा असेल तर किमान पाच तास भिजवा, ते पाणी ओतून द्या आणि नव्या पाण्यात अर्धा तास खळखळ उकळा. कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं विष असतं आणि मंद आचेच्या स्लो कुकरमध्ये ते नष्ट होत नाही. मूठभर अर्धकच्च्या दाण्यांनी अख्खी पंगत उलट्यांनी आजारी पडू शकते.

पालेभाजीत माती असते, शेतातून थेट आलेलीत जास्तच. मोठ्या पातेल्यात पाणी भरून पानं त्यात हलवा, दोन मिनिटं थांबा आणि पानं वर उचलून घ्या. पातेलं चाळणीत उपडं केलंत तर तळाशी बसलेली माती परत पानांवर जाते. पाणी स्वच्छ दिसेपर्यंत हेच करा. ताज्या भाज्यांना मसाला कमी लागतो हेही इथेच सांगते. आधी मीठ आणि तेलावर एक घास चाखा, मग बाकीचं ठरवा.

मांस करणार असाल तर शेतावर मोकळी वाढवलेली कोंबडी दुकानातल्या कोंबडीसारखी शिजत नाही. ती बहुधा जास्त दिवसांची असते, हिंडलेली असते, तिचे स्नायू आणि जोडऊती घट्ट असतात. तरुण पक्षी असेल तर अख्खा भाजा, वयस्क असेल तर रश्श्यात सावकाश शिजवा. वय विक्रेत्यालाच विचारायचं. असे पक्षी पुष्कळदा गोठवलेले मिळतात, त्यांना फ्रिजमध्ये वितळायला दर दोन किलोमागे साधारण २४ तास लागतात. पाच किलोची टर्की आदल्या रात्री बाहेर काढून भागणार नाही. ओट्यावर ठेवून वितळवू नका आणि नळाखाली धुऊही नका, धुण्याने जंतू मरत नाहीत, ओटाभर उडतात. आदल्या दिवशी वजनाच्या एक ते सव्वा टक्का मीठ चोळून फ्रिजमध्ये उघडं ठेवलं तर आतपर्यंत चव जाते आणि कातडी कुरकुरीत होते. मांडीच्या सर्वांत जाड भागात, हाडाला न टेकवता, थर्मामीटर ७४ अंश दाखवेल तेव्हा पक्षी शिजला. मग अर्धा तास त्याला बाहेर तसाच राहू द्या. त्या अर्ध्या तासात ओव्हन मोकळा असतो, भाज्यांचे शेवटचे दोन ट्रे तेव्हाच जातात. मी आचेचं सगळं वेळापत्रक या अर्ध्या तासाभोवती बांधते.

मोठ्या स्वयंपाकातला खरा धोका मात्र शिजवून झाल्यावर सुरू होतो. दहा लिटरचं रश्श्याचं पातेलं रात्रभर ओट्यावर गार होत राहिलं की त्यात क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स हा जंतू वाढतो. त्याचे बीजाणू उकळीतही टिकतात आणि पातेलं कोमट झालं की जागे होतात. आदल्या दिवशी केलेलं सूप, रस्सा उथळ भांड्यांत काढा, ती बर्फाच्या पाण्यात ठेवून ढवळा. दोन तासांत २१ अंशांखाली आणि पुढच्या चार तासांत ५ अंशांखाली यायला हवं. दुसऱ्या दिवशी नुसतं कोमट न करता ७४ अंशांपर्यंत गरम करा, वाढेपर्यंत ६० अंशांच्या वर ठेवा. भाताचंही तेच, त्यात बॅसिलस सेरियस हा तसाच जंतू असतो. मांडून ठेवलेलं जेवण दोन तासांनंतर उचला, हवा ३२ अंशांच्या वर असेल तर तासाभरातच. बाजारातून कच्चं दूध आणलं असेल तर ते उकळूनच वापरा. पाहुण्यांमध्ये वर्षाच्या आतलं बाळ असेल तर त्याला मध चाटवू नका.

कच्च्या जागेवरची भाजी सगळ्यात शेवटी चिरा. काकडी, मुळा, कोबी मीठ लागताच पाणी सोडतात, म्हणून मीठ आणि आंबट घालायचं काम मी एकाच माणसाला नेमून देते आणि त्याला दुसरं काही सांगत नाही. पाहुणे जेवायला बसायला लागले की त्याने ते करायचं, त्याआधी नाही.